इंजिन दोन दिवसांत बसते, कागदाचे काय?

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग जामच्या चौरस्त्यावर फुटतो. एक रस्ता सरळ हिंगणघाटकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरला. पूर्वी हा सात नंबरचा महामार्ग होता. आता कागदोपत्री तो चव्वेचाळीस झाला आहे, पण जुने ड्रायव्हर अजून सात नंबरच म्हणतात. चंद्रपूरकडचा कोळसा आणि सिमेंट, हिंगणघाटचा कापूस, सगळे याच चौकातून जाते. मोठ्या ट्रकांबद्दल नेहमीच लिहिले जाते. आज लिहायचे आहे ते लहान पिकअपबद्दल. बारदान, भंगार, बकऱ्या, फळे, फर्निचर, मंडपाचे सामान वाहणाऱ्या या गाड्यांवर आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल पेटते. आणि त्या गाड्या दुरुस्त करणारे हातही बहुतेक ठिकाणी आपल्याच समाजातले आहेत. म्हणून हा विषय दोन्हीकडचा आहे.

गेल्या पावसाळ्यात जामला एका गॅरेजसमोर ओळखीचे एक बारदानवाले भेटले. गाडी २०७ डीआय, सतरा वर्षांची. माल भरला की चढावर दम सोडते आणि आठवड्याला लिटरभर ऑइल खाते, अशी तक्रार. उस्तादांच्या हाताखालचा पोरगा हुशार होता. तो म्हणाला, "चाचा, कटिंगच्या गाडीचे ४०७ चे टर्बो इंजिन आले आहे. दोन दिवसांत बसवून देतो. गाडी विमान होईल." बारदानवाल्यांनी आमच्याकडे पाहिले. उस्ताद पाना पुसत गप्प उभे होते. तेथे उभ्या उभ्या आम्ही जे सांगितले ते अपुरे होते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. जुन्या पिकअपमध्ये त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन रीतसर मंजुरी घेऊन बसवायला हरकत नाही. वेगळ्या प्रकारचे इंजिन बसवणे हा मात्र आता धंदा राहिलेला नाही, तो जुगार झाला आहे. या जुगारात गाडीवाला हरतोच, पण गॅरेजवालाही हरतो, आणि त्याला ते फार उशिरा कळते.

हे मत काही मिस्त्रींना आवडणार नाही. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, कारण ही कला आजची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या रस्त्यांवर पेट्रोलवर चालणारे अमेरिकन बनावटीचे ट्रक बरेच होते. इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचे सहा सिलिंडरचे पी-६ डिझेल इंजिन अशा पेट्रोल ट्रकांत बसवण्यासाठी देशोदेशी विकले जाई. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने १९५० च्या दशकात ते भारतात बनवायला सुरुवात केली. म्हणजे एका गाडीत दुसरे इंजिन टाकणे हा तेव्हा चोरटा उद्योग नव्हता, उघड बाजार होता. पुढे १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकण्याचे काम गावोगावच्या गॅरेजांत आले. सरकारी लिलावातून जीप घ्यायची, तिचे पेट्रोल इंजिन उतरवायचे आणि डिझेल इंजिन चढवायचे. नकाशा नाही, पुस्तक नाही. खडू, सुतळी आणि नजर एवढ्यावर आपल्या उस्तादांनी ती कामे केली आणि त्या जीप वीस-वीस वर्षे चालल्या. या हुनराला आम्ही कमी लेखत नाही.

पण त्या कामामागे एक हिशेब होता. डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होते. जून २०१० मध्ये पेट्रोलचा आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला. तेव्हापासून दोहोंतील अंतर आकसले. शिवाय आजचे पिकअप मुळातच डिझेलवर चालतात. म्हणजे इंजिन बदलण्याचे जुने कारण संपले. आता गिऱ्हाईक येते ते दोन गोष्टींसाठी. एक तर गाडीत जास्त ताकद हवी, नाहीतर दुरुस्तीपेक्षा कटिंगचे इंजिन स्वस्त पडते असे कोणी सांगितलेले असते.

ताकदीचे आधी पाहू. गाडी चढावर दम सोडते याचा अर्थ इंजिन मेले असा नेहमीच नसतो. ॲक्सिलेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे होत असेल तर क्लच घसरत आहे. ब्रेक चिकटून राहत असतील तर चांगले इंजिनही थकलेले वाटते. चाकांचे ड्रम हाताला तापलेले लागतात की नाही, एवढे पाहायला पैसे पडत नाहीत. धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही, मग एअर फिल्टर, नोझल आणि पंप तपासायचे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, तेथे रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्ह सीलचा संशय. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला तर कच्चे डिझेल किंवा पाणी बाहेर पडते आहे, म्हणजे टायमिंग, कॉम्प्रेशन नाहीतर हेड गॅस्केट. हे प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असते. तरीही गिऱ्हाईक घाईत असले की "इंजिनच बदलून टाका" हे वाक्य तोंडून निघते, कारण निदान करण्याचे पैसे आपल्याकडे कोणी देत नाही आणि इंजिन चढवण्याचे देतात. गॅरेजवाल्यांनी तपासणीची वेगळी मजुरी लावायला शिकले पाहिजे आणि गाडीवाल्यांनी ती कुरकुर न करता द्यायला शिकले पाहिजे, हे येथेच नमूद करतो.

आणि माल. आरसीवर लिहिलेल्या वजनाच्या दीडपट माल भरायचा आणि मग गाडीत दम नाही म्हणायचे, याला कोणते इंजिन पुरणार?

आता दुसरे इंजिन गाडीत गेले की काय काय होते ते पाहू. बारदानवाल्यांना सुचवलेली अदलाबदल वरवर निरुपद्रवी वाटते, कारण २०७ डीआय आणि ४०७ या दोन्ही गाड्यांत टाटांच्या ४९७ या एकाच घराण्याचे इंजिन आले आहे. या आकड्याचा अर्थ अनेक जुन्या मिस्त्रींनाही माहीत नसतो. पहिला चार म्हणजे चार सिलिंडर, पुढचे सत्त्याण्णव म्हणजे बोअर ९७ मिलिमीटर. स्ट्रोक १०० मिलिमीटर. गुणाकार केला की २९५६ सीसी येते. याआधीच्या टाटामोबाइलमध्ये ४८३ इंजिन होते, म्हणजे ८३ मिलिमीटर बोअर, ९० चा स्ट्रोक आणि १९४८ सीसी. जुन्या टाटामोबाइलमध्ये ४९७ टाकणे म्हणजे एकदम हजार सीसी वाढवणे, हे कोणालाही दिसते. पण २०७ डीआयमध्ये ४०७ चे टर्बो इंजिन टाकताना माणूस म्हणतो, ब्लॉक तर सारखाच आहे.

ब्लॉक सारखा दिसला तरी काम सारखे नाही. टर्बो इंजिन तेवढ्याच सीसीमधून जास्त जोर काढते. तो जोर पुढे क्लच प्लेटवर, मग गिअर बॉक्सवर, मग प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर आणि शेवटी क्राउन-पिनियनवर जातो. हे सर्व भाग कंपनीने साधारण पासष्ट अश्वशक्तीच्या इंजिनासाठी दिलेले. पहिले दोन महिने गाडी खरोखर विमान वाटते. मग एक दिवस भरलेल्या गाडीखाली क्रॉस तुटतो, किंवा क्राउनचे दात जातात. तेव्हा गाडीवाला म्हणतो, सामान बोगस होते. सामान बोगस नव्हते, त्याच्यावर दुसऱ्याचे ओझे टाकले होते. रेडिएटरचेही तेच. जास्त जोर म्हणजे जास्त उष्णता, आणि वैशाखात विदर्भातला पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा लहान रेडिएटर हात वर करतो. हेड एकदा वाकले की स्वस्त इंजिनाची स्वस्ताई संपली.

वेगळ्याच कंपनीचे इंजिन असेल तर गोष्ट आणखी वाढते. इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये लेथवर प्लेट बनवावी लागते. क्रँकचा मध्य आणि गिअर बॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आला नाही तर पायलट बेअरिंग आणि क्लच वारंवार जातात, गिअर सुटतो, आणि कारण सापडत नाही. ऑइलचे चेंबर पुढच्या ॲक्सलला लागते म्हणून इंजिन वर उचलतात. वर उचलले की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि गाडी ठराविक वेगाला थरथरते. वजन वाढले की पुढचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होते. सगळ्यात धोक्याची गोष्ट ब्रेकची. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये हवेची ओढ आपोआप तयार होते आणि त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेल इंजिनात तशी ओढ नसते, तेथे अल्टरनेटरबरोबर किंवा इंजिनवर वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. अदलाबदलीत हा पंप राहून गेला, किंवा झिजलेला बसला, तर गाडी चालते उत्तम आणि थांबत नाही. भंगारातून इंजिन आणताना माणसे टर्बो पाहतात, पंप पाहतात, सेल्फ पाहतात. व्हॅक्यूमची नळी कोणी पाहत नाही.

अलीकडे उलट प्रकारही कानावर येतो. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांचे सेन्सर आणि कॉम्प्युटरचा डबा लहान गॅरेजात दुरुस्त होत नाही, म्हणून सगळे काढून पंप-नोझलचे जुने इंजिन टाकून द्या, असा सल्ला काहीजण देतात. धूर वाढतो, पीयूसी अडते, आणि गाडीची किंमत निम्म्यावर येते. या सल्ल्याबद्दल जास्त लिहिण्याचीही गरज नाही. डबा दुरुस्त करायला शिकणे हाच त्याला उपाय आहे.

आता पैशाचा हिशेब. समजा गाडी दिवसाला ८० किलोमीटर फिरते आणि लिटरला १० देते. म्हणजे रोज आठ लिटर. इंजिन नीट बांधून घेतले आणि ती १२ देऊ लागली तर रोज सव्वा लिटरपेक्षा थोडे जास्तच वाचते. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तेहतीस लिटर. लिटरला ९० रुपये धरले तरी तीन हजार रुपये महिना, वर्षाला छत्तीस हजार. शिवाय ऑइल वाचते ते वेगळे. हा फायदा जुनेच इंजिन व्यवस्थित केल्यानेही मिळतो. मग वेगळ्या इंजिनाने जास्त काय मिळते? चढावर एक गिअर कमी टाकावा लागतो, एवढेच. त्यासाठी जी जोखीम घ्यावी लागते ती कागदाची आहे, आणि ती आपल्याकडे नीट कोणी समजावून सांगत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातील कलम ५२ गाडीतील बदलांविषयी आहे. सुरुवातीला त्यात आरटीओला कळवून, मंजुरी घेऊन बदल करता येत असे. २००० साली हे कलम बदलले. आता आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. सूट आहे ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची. त्याच कंपनीचे त्याच प्रकारचे इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची मंजुरी घ्यायची आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. मंजुरीशिवाय इंजिन बदलले गेले असेल तर चौदा दिवसांच्या आत कळवायचे. गाडी हप्त्यावर असेल तर जिचे पैसे आहेत तिची लेखी संमती आधी लागते. हे शेवटचे तर फारच थोड्यांना माहीत असते.

येथे एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. ज्याच्याकडे दहा किंवा अधिक व्यापारी गाड्या आहेत, त्याला त्याच कंपनीचे त्याच प्रकारचे इंजिन आरटीओच्या मंजुरीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. एकच पिकअप असलेल्याला ती मुभा नाही. ज्याच्या दहा गाड्या आहेत त्याची एक उभी राहिली तर नऊ चालतात. ज्याची एकच आहे त्याचे घर उभे राहते. मंजुरी लवकर मिळण्याची जास्त गरज कोणाला आहे, हे सांगायला नको. पिकअपवाल्यांच्या संघटनांनी चलनांविरुद्ध निवेदने देताना हाही एक मुद्दा त्यात घालावा, की सारख्या प्रकारच्या इंजिनासाठी लहान मालकाला ठराविक दिवसांत मंजुरी मिळावी. ही मागणी रास्त आहे आणि तिला कोणी हसणार नाही.

पण मागणी मान्य होईपर्यंत कायदा आहे तो आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदलले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गॅरेजवाल्यांनी पुढचे वाक्य नीट वाचावे. याच कलमात डीलरसाठी वेगळी शिक्षा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि याच कायद्यातील डीलरच्या व्याख्येत गाड्या दुरुस्त करणाराही येतो. "गिऱ्हाइकाने सांगितले, मी केले" हे उत्तर म्हणूनच पुरेसे पडेल असे समजू नये.

दंडाचे सोडा. खरा प्रश्न रस्त्यावरचा आहे. व्यापारी गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस. इन्स्पेक्टरने इंजिन नंबर पाहिला आणि तो आरसीशी जुळला नाही तर गाडी तेथेच अडकते. पंधरा वर्षांवरच्या गाडीची फिटनेस फी एप्रिल २०२२ पासून बरीच वाढलेली आहे. ती भरूनही सर्टिफिकेट मिळाले नाही तर काय उपयोग? अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस सर्वांत आधी चेसिस आणि इंजिन नंबर घेतो. नंबर वेगळा निघाला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला त्याला आयते कारण मिळते. समोरच्याला द्यावी लागणारी भरपाईही कंपनी आधी भरून नंतर मालकाकडून वसूल करायला कोर्टात उभी राहू शकते. एका पिकअपच्या मालकाला असा एक दावा जन्मभर पुरतो.

आता भंगाराच्या बाजारात येऊ. हा धंदा आपल्या लोकांचा मोठा आहे आणि इमानदारीने करणारेच जास्त आहेत. पण इंजिन ही लोखंडाची वस्तू असली तरी तिच्यावर नंबर असतो, आणि नंबराला मालक असतो. कटिंगची गाडी कोणाची, तिची नोंदणी रद्द झाली होती का, इंजिन कोणी कोणाला विकले, हे विचारले तर विकणारा म्हणतो, "भाई, विश्वास नाही का?" विश्वास आहे, पण पोलीस विश्वासावर चालत नाहीत. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या गॅरेजात सापडले तर चोरीचा माल बाळगल्याचे कलम लागू शकते. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचे ४११ होते, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१७ आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असणे किंवा तसे मानायला कारण असणे, हे त्यात सिद्ध व्हावे लागते. पण बिल नाही, विकणाऱ्याचे नाव नाही, भाव बाजाराच्या निम्मा, अशा स्थितीत "मला माहीत नव्हते" हे सांगणे किती कठीण जाते ते ज्यांच्यावर आली त्यांना विचारा. आणि आजच्या वातावरणात आपल्या पोरांनी तर दुप्पट सावध राहायला हवे. नंबर घासलेले इंजिन फुकट मिळाले तरी गॅरेजच्या आत घेऊ नये.

बिलाची गोष्ट निघालीच आहे तर गॅरेजच्या बिलाबद्दलही बोलू. आपले उस्ताद पन्नास हजारांचे काम करतात आणि सिगारेटच्या पाकिटाच्या मागे हिशेब लिहितात. गिऱ्हाईकही तो चुरगाळून खिशात टाकते. सहा महिन्यांनी भांडण झाले की कोण काय बोलले होते त्यावर दोघेही शपथा घेतात. एका पानावर एवढे लिहायला काय हरकत आहे? गाडीचा नंबर, इंजिन नंबर, काम सुरू करतानाचे किलोमीटर, कोणते भाग बदलले, कोणते जुनेच ठेवले, मजुरी किती, आणि कोणत्या कामाची किती दिवस जबाबदारी. जुने ठेवलेले भाग लिहिणे सर्वांत महत्त्वाचे. क्रँक जुना ठेवला असेल तर तसे लिहावे. वस्तूचा ऐब लपवून विकू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते फक्त कपड्याच्या आणि धान्याच्या दुकानाला लागू आहे असे धरून चालतो. लेखी बिल देणाऱ्या गॅरेजला कारखान्याची कामे मिळतात, शाळेच्या गाड्या मिळतात. तोंडी हिशेबवाल्याला फक्त उधारीची गिऱ्हाइके मिळतात.

मग हुनराचे काय करायचे? इंजिन चढवण्या-उतरवण्याचा हात ज्याला आहे, त्याने उपाशी राहायचे का? नाही. कायद्याने जे दार उघडे ठेवले आहे त्यातून आत जायचे. डिझेल इंजिन उतरवून त्या जागी सीएनजी इंजिन बसवण्याची तरतूद नियमांत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये साडेतीन टनांखालील बीएस-६ गाड्यांनाही ती खुली झाली. बॅटरीवर चालण्यासाठी जुन्या गाडीत मोटार बसवण्याचे नियम २०१६ मध्ये आले. म्हणजे दुसरे इंजिन बसवणे पूर्ण बंद नाही. फक्त किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेले हवे, ते त्या गाडीसाठी मंजूर असायला हवे, आणि बसवणारा अधिकृत हवा. किटची मंजुरी तीन वर्षांची असते, ती संपलेली नाही हेही पाहावे लागते.

यात अडचण आहे ती "अधिकृत" या शब्दाची. किट बनवणाऱ्या कंपन्या बसवण्याचे हक्क शोरूमछाप गॅरेजांना देतात, कारण त्यांच्याकडे जीएसटी नंबर आहे, प्रशिक्षणाचे सर्टिफिकेट आहे, फरशी घातलेली जागा आहे. काम मात्र बऱ्याच वेळा आपलीच पोरे तेथे पगारावर करतात. हात आपले, नाव दुसऱ्याचे, नफा तिसऱ्याचा. जामसारख्या चौकात दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून एक जागा घेतली, एका शिकलेल्या पोराला आयटीआयनंतर कंपनीच्या प्रशिक्षणाला पाठवले, तर हा हक्क मिळणे अशक्य नाही. भागीदारी आपल्याकडे टिकत नाही असे लगेच कोणी म्हणेल. ती बहुधा हिशेब लिहिलेला नसतो म्हणून टिकत नाही.

गाडीवाल्यांनीही सीएनजीच्या मागे डोळे मिटून धावू नये. आपल्या रोजच्या मार्गावर पंप आहे का, तेथे रांग किती लागते, टाकीच्या वजनाने माल किती कमी होतो, हे आधी पाहावे. वीस वर्षांच्या गाडीवर नवे किट बसवण्यापेक्षा ती मोडीत देणेही कधी कधी शहाणपणाचे असते. चेसिसला गंज लागून भेगा पडल्या असतील तर इंजिनाची चर्चाच व्यर्थ आहे.

आता त्या बारदानवाल्यांच्या गाडीचे काय झाले ते सांगतो. उस्तादांनी शेवटी तोंड उघडले आणि म्हणाले, "आधी हेड खोलू द्या." हेड खोलले. ब्लॉकला तडा नव्हता, क्रँक मापात होता. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, त्यामुळे ब्लॉक वाचला म्हणजे नंबर वाचला, आरटीओचा प्रश्नच आला नाही. बोअरचे काम झाले, पिस्टन, रिंग आणि बेअरिंग नवे पडले, पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला नागपूरला गेले. क्लच प्लेट तर पार झिजलेली निघाली. चढावरचा निम्मा दम तीच खात होती. दोन दिवसांच्या जागी नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत त्यांना भाड्याची गाडी करावी लागली आणि त्याबद्दल ते अजून आम्हाला बोलतात. गाडी आता भरलेल्या बारदानासह हिंगणघाट-नागपूर करते. ऑइल खात नाही. विमान वगैरे काही झालेली नाही.

बिल दोन पानांचे झाले. ते पोराने लिहिले, उस्तादांनी सही केली. ४०७ चे ते टर्बो इंजिन मागच्या महिन्यापर्यंत गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेले होते. उस्तादांनी विकणाऱ्याकडे मूळ गाडीचे कागद मागितले आहेत. ते अजून आलेले नाहीत.